कप्तानाने विचारलंच नाही
उतू गेलेल्या दुधाचा करपट वास आला की मला शंकर नगरच्या घरातली ती संध्याकाळ आठवते. रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं, आणि माझ्या लहानपणची अंतराळयानाची मालिका टीव्हीवर नव्याने सुरू होणार होती. जुन्या मालिकेतलं यान सरळसरळ पुठ्ठ्याचं दिसायचं, पण उडण्याआधी कप्तान मागे वळून विचारायचा, "कोणी राहिलं का?" आणि उत्तर येईपर्यंत थांबायचा. ते आमच्या घरात असं मुरलं, की नागपूरच्या गाडीत चढल्यावर आईही तेच विचारायची आणि आम्ही "कोणी नाही!" म्हणून ओरडायचो. त्या संध्याकाळी आई गॅसवर दूध ठेवून माझ्या शेजारी येऊन बसली. जुनीच धून वाजली, माझ्या अंगावर काटा आला. नवं यान तर इतकं देखणं, की नजर हटेना. मग इंजिनं पेटली. म्हातारा मेकॅनिक अजून खालीच होता, धावत होता, आणि कप्तानाने मागे न बघता यान उडवलं. वरून हसलाही. "काहून रे, यानं विचारलंच नाही?" आई म्हणाली. "आजी, अब ऐसा ही चलता है," माझी पुतणी म्हणाली. "म्हाताऱ्याले सोडून?" आईने विचारलं, तोवर घरभर वास पसरला होता. ती स्वयंपाकघरात धावली. मी तसाच बसून राहिलो, घरातल्याच माणसाने दगा द्यावा तसा. आता आई नाही. मालिका पुन्हा नव्याने आली आहे आणि पुतणी बाहेरच्या खोलीतून बघायला हाका मारतेय. "तू पाहून घे, इथं दूध वर येऊन राहिलं," मी गॅसपाशी उभा राहून सांगतो. भांडं अजून रिकामंच आहे.