पाहुण्यांपुढे जंताच्या गोळ्या

दवाखान्यातल्या नर्स शरोफत आपाला आमच्या डोंगरातल्या गावाने 'जंतवाली' हे नाव ठेवलं होतं. तुती पिकल्या की ती दारोदार सांगत फिरायची, "झाडाखाली चादर धरा, मातीत पडलेली तुती पोरांना देऊ नका, जंत होतात." लोक तिला चहा पाजायचे आणि तिची पाठ वळली की पोरांना झाडाखाली सोडायचे. त्याच झाडांना संडासाचा खड्डा उपसून खत घालतात, हे जेवताना कुणाला ऐकायचं असतं? मी तिची शेजारीण, पण मलाही तिचा वैताग यायचा.

त्या वर्षी तिच्या लेकीला, निगिनाला, खालच्या गावातून मागणी आली. मुलगा निगिनाच्या मनातलाच. आम्हा ताजिकांत मुलाच्या आईने रोटी मोडली की सोयरीक पक्की. पण होसियतखोला, मुलाची आई, मोठी फणकाऱ्याची.

"जंतवालीची पोर म्हणून नाक मुरडतील गं," आपा मला म्हणाली. तिची झोपच उडाली होती.

पाहुणे आले तेव्हा आपा नि मी चुलीपाशी पुलावात गुंतलो होतो. जेवणाचा दस्तरखान मांडला तिच्या सासूने. म्हातारीला फडताळात एक डबा सापडला, आत संत्र्याच्या वासाच्या गोळ्या. घरातलं गोड पाहुण्यांपासून लपवणं आमच्यात पाप. तिने वाटी भरून मधोमध ठेवली. त्या शाळेत वाटायला आणलेल्या जंताच्या गोळ्या होत्या.

आम्ही पुलाव घेऊन आत आलो तर पाहुणे गोळ्या चघळत होते. मी आपाला डोळ्यांनी खुणावलं, गप्प बस. कुणाचं काय बिघडणार होतं? पण ती कुठली ऐकायला.

"होसियतखोला, या जंताच्या गोळ्या आहेत," आपा म्हणाली. "एकेक खाल्लीत तर काही वाईट नाही, पण दुसरी घेऊ नका. आणि कुणाला नुकते दिवस गेले असतील, तर तिने खाऊ नये."

होसियतखोलाचं चघळणं थांबलं. दारात निगिना पांढरीफटक पडली. गेली सोयरीक, मी मनात म्हटलं.

तेवढ्यात होसियतखोलाच्या थोरल्या सुनेने मूठ उघडली. गोळी तशीच होती.

"मी नाही खाल्ली."

"का गं?" सासूने दरडावलं.

"वासानेच मळमळलं." सुनेची मान खाली, कान लालेलाल.

होसियतखोला बघतच राहिली. थोरल्याच्या लग्नाला वर्षं लोटली होती, नातवासाठी नवस करून थकली होती बिचारी. तिने सुनेला कुशीत ओढलं आणि पुलाव निवेपर्यंत रडली. मीही रडले, का ते विचारू नका.

मग ओढणीने डोळे पुसून तिने वाटीतली एक गोळी उचलली आणि निगिनाकडे बोट दाखवलं.

"थोरलीला चालत नाही, तर ही माझ्या धाकट्या सुनेला द्या," ती म्हणाली, आणि तिने रोटी मोडली.