पोटात राहिलेलं दुसरं

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी वलवणला आले, तेव्हा सतरा वर्षांची होते आणि मला सगळं कळतं अशी माझी खात्री होती. आमच्या धरणाच्या पाण्यावर मुंबईत दिवे लागायचे. आमच्या घरात चिमणी होती, आणि माझ्या डोक्यात तीही नव्हती.

लोणावळ्याहून नर्सबाई महिन्यातून एकदा छत्री टेकत यायच्या. बेंबीवर बोटं ठेवून गर्भाशयाचा माथा किती वर चढला ते मोजायच्या, आणि माझा हात तिथे नेऊन म्हणायच्या, बघ, बाळ इथवर आलं. मी त्यातून एवढंच शिकले, की पोटात हाताला टणक लागलं म्हणजे ते बाळ.

मुलगी सकाळी झाली. वार पडली, नर्सबाईंनी हात धुतले आणि दाराबाहेर आईला काहीतरी बजावलं. पहिलटकरणीला घाबरवायचं नाही, म्हणून मला कुणी काही बोललं नाही. बजावलं होतं ते असं: बाळ बाहेर आल्यावर रिकामी पिशवी आवळून नारळासारखी टणक व्हायला हवी. सैल पडली तर आतून रक्त वाहत राहतं आणि बाई बघता बघता हातची जाते. तेव्हा सैल लागली की चोळा, आणि बाळाला पाजायला लावा. पाजलं की पिशवी आवळते.

नर्सबाई दुसऱ्या बाळंतिणीकडे गेल्या. आई माझं पोट चोळत बसली. म्हैस ओरडायला लागली तशी ती उठली, माझा हात बेंबीखाली ठेवला, मऊ लागलं तर हाक मार म्हणाली आणि गोठ्यात गेली.

हाताखाली गोल, टणक काहीतरी होतं. मी आधी चरकले, मग हरखले. आमच्या शेळीला त्याच आठवड्यात दोन करडं झाली होती, पहिलं उभं राहीपर्यंत दुसरं. शेळीला जमतं ते मला का जमू नये? नर्सबाई घाईत एक आतच विसरून गेल्या होत्या, आणि आई त्या बिचाऱ्याला तासभर रगडत होती. आता याला कुणाला हात लावू द्यायचा नाही, असं मी ठरवलं. याचं बारसं थाटात करायचं हेही ठरवलं. झालेल्या मुलीचं तोंड अजून धड पाहिलं नव्हतं.

थोड्या वेळाने गोळा मऊ पडला. बाळ झोपलं असं समजून मी हाक मारलीच नाही, उलट अंगाई धरली. अंथरूण ओलं झालं, आढं डोळ्यांपुढे फिरू लागलं, तरी मी आपली गातेच आहे.

आईने येऊन गोधडी पाहिली आणि दोन्ही हातांनी पोट चोळायला घेतलं. मी तिचं मनगट धरलं.

"आई, हळू. आत दुसरं हाय."

"दुसरं न्हाई. तुजी अक्कल हाय, ती तेवढी भायेर यायची ऱ्हायलीय. सोड हात."

तिचा आवाज कापत होता. मला तो राग वाटला. तिने मुलीला माझ्या छातीशी लावलं आणि चोळत राहिली. मुलगी ओढू लागली तसा पोटात पीळ पडला, गोळा पुन्हा टणक झाला, रक्त थांबलं. मग आई भिंतीला टेकून रडली. मी विचारलं, दुसरं जागं झालं का?

दुपारी नर्सबाई परत आल्या आणि त्यांनी मला समजावलं. गर्भाशयाच्या भिंतीत स्नायूंचे धागे कणगीच्या विणीसारखे आडवेतिडवे असतात आणि रक्तवाहिन्या त्या विणीतून जातात. वीण आवळली की त्या चिमटून बंद होतात. मी म्हटलं, हे आधी का नाही सांगितलं? त्यांनी आईकडे पाहिलं, आईने आढ्याकडे.

त्यानंतर नर्सबाई पहिलटकरणीलाच सगळं आधी सांगू लागल्या, आणि मी माहेरी असले की मासला म्हणून मला सोबत न्यायच्या. पहिल्याच घरी मी बाळंतिणीचा हात तिच्या पोटावर ठेवला आणि गंभीर तोंडाने सांगितलं, हे बाळ नव्हे, ही आवळलेली पिशवी. मऊ पडली तर लगेच हाक मार. तिने विचारलं, आत दुसरं नाही ना? मी छातीठोकपणे नाही म्हटलं. नर्सबाईंची पाठ वळल्यावर मात्र एकदा चाचपून घेतलंच.