डाव्या हाताचा डाव

स्ट्रोकनंतर माझा उजवा हात नुसता मांडीवर पडून राहायचा आणि मी त्याच्याशी भांडायचे. मेन राज्यातल्या एका छोट्या हॉस्पिटलात सगळी नोकरी लोकांना भूल देण्यात गेली, आणि आता साधी आमटी वाढता येईना! डावा हात धडधाकट होता की. पण डाव्या हाताने वाढायचं? आईने लहानपणी त्यावर इतक्या चापट्या मारल्या होत्या, की सत्तरीतही तो पुढे होईना. शेवटी कुणाला जेवायला बोलावणंच मी बंद केलं.

थेरपिस्टने दाबायला दिलेला रबरी चेंडू एक दिवस मी चिडून खिडकीबाहेर भिरकावला. तो नेमका शेजाऱ्याच्या अंगणात. शेजारी मिगमाख, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी. लाकडावर कोरीवकाम करणारा. मी त्याला काका म्हणते. खरं तर माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण त्याला आवडतं. चेंडू परत द्यायला आला आणि म्हणाला, "शनिवारी आमच्या हॉलमध्ये ये. याच्यापेक्षा बरं काहीतरी देतो."

हॉलमध्ये त्याचेच सात-आठ लोक लाकूड तासत बसले होते. कुणी दारू सोडलेली, कुणी आजीची भाषा आता म्हातारपणी शिकणारं. प्रत्येकाच्या हातात टोकाशी वळलेली वाकडी सुरी, आणि ती स्वतःकडे ओढायची!

"अहो, पोटात घुसेल ना!" मी ओरडले. सगळे खो-खो हसले.

काकाने पेटीतून एक जुनी सुरी काढून माझ्यापुढे धरली. "माझ्या वडिलांची. मूठ ज्याच्या त्याच्या हातासाठी कोरतात. ते डावरे होते. मला ही धरताच येत नाही. काम मी दुसऱ्याकडून शिकलो."

त्याच्या वडिलांना लहानपणी सरकारी माणसांनी घरातून उचलून सरहद्दीपलीकडच्या बोर्डिंग शाळेत नेलं होतं. आपली भाषा बोलले की मार, डाव्या हाताने लिहिलं की मार. भाषा सुटली ती सुटलीच. मुलाशीही ती कधी बोलले नाहीत. डावा हात मात्र त्यांनी सोडला नाही.

मी ती मूठ डाव्या हातात धरली. तिच्यावरचा खळगा बरोबर माझ्या अंगठ्याखाली आला. मला मेलीला रडूच कोसळलं.

तीन महिने मी डाव्या हाताने एकच लाकूड तासत होते. उजवा ते गुडघ्यावर दाबून धरायला शिकला, तेवढं तर तेवढं.

"आमच्याकडे याला डाव म्हणतात," वाढायचा चमचा कोरून झाल्यावर मी सांगितलं. "आणि या हाताला डावा."

"मग इतके दिवस अडलं कुठे?" काका म्हणाला. त्याने डावाच्या वाटीतून अंगठा फिरवला आणि हळूच म्हणाला, "एम्क्वान." त्यांचा चमच्याचा शब्द. हॉलमधल्या सगळ्यांनी तो त्याच्यामागून म्हटला. "वडिलांच्या तोंडून हा कधी ऐकला नाही मी," तो म्हणाला. "आज त्यांच्या सुरीने कोरलेला पाहिला."

रविवारी मी त्याला जेवायला बोलावलं. आमटीने भरलेला डाव त्याच्या ताटावर नेला आणि हात तिथेच थांबला. त्याने ताट उचलून जवळ आणलं.

"मार हवं तर, आई," मी मराठीत म्हणाले, आणि भातावर भरपूर आमटी वाढली.