दहा गॉसची रेघ

नागपूरपलीकडच्या गोरेगावजवळच्या राईस मिलमध्ये उदाराम पटल्यांची उभी हयात गेली. धान मशिनीत पडण्याआधी ज्या पाटातून घसरतं, तिथं एक दांडगं लोहचुंबक बसवलेलं आहे. खिळे, तारेचे तुकडे, विळ्यांची मोडकी टोकं, सगळं त्याला येऊन चिकटतं. ते रोज खरवडून काढायचं काम उदारामांचं. त्या कामाला ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

मग त्यांच्या छातीत पेसमेकर बसला. नागपूरहून घरी आल्यावर त्यांच्या बायकोनं, रुख्माबाईंनी, पिशवीतलं पेसमेकरचं पत्रक लेकीपुढे ठेवलं. मंजू कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. तिनं वाचलं आणि बापाकडे पाहिलं.

"बाबूजी, मिलच्या चुंबकावर काय लिवलं हाये?"

"आठ हजार गॉस. काऊन?"

"याच्यात लिवलं हाये, एक मिलिटेस्लाच्या वरच्या चुंबकापाशी जाऊ नोका, पेसमेकर बिघडते."

"मंग ते येगळं असंल. आपलं तं गॉस हाये."

"कोस आन् किलोमीटर येगळे, पण रस्ता तं तोच ना? एका टेस्लात दहा हजार गॉस. मिलिटेस्ला त्याचा हजारावा हिस्सा. आता सांगा, एक मिलिटेस्ला म्हंजे किती?"

उदारामांनी मनातल्या मनात भाग दिला. "दहा गॉस," ते म्हणाले, आणि त्यांचा हात आपोआप छातीवर गेला. कुठं दहा, कुठं आठ हजार.

रविवारी मिल बंद होती. मंजूनं कॉलेजातून चुंबकाचा जोर मोजायचा, वायरीला दांडी जोडलेला मीटर आणला. मिलमालक गजेंद्र टेंभऱ्यांनी कुलूप काढलं. बाबूजींना दारातच थांबवून ती पाटाजवळ गेली आणि तिथून आकडे मोठ्यानं सांगत मागं सरकू लागली. चुंबकापाशी हजारांत असलेला आकडा वीतभर मागं येताच शेकड्यांवर उतरला, अन् हातभर अंतरावर दहाच्याही खाली गेला. मध्ये तिनं लाकडाची फळी धरली, मग स्वतःचा पंजा. आकडा जागचा हलला नाही.

"तुया हातातून पार होऊन राहिलं?" उदाराम दारातून म्हणाले. "आन् तुले काही समजत नाही?"

"काहीच नाही."

मंजूनं चांगलं दुप्पट अंतर सोडून चुन्यानं रेघ मारली. गजेंद्र म्हणाले, "उदारामभाऊ, उद्यापासून तुमी वजनकाट्यावर बसा. चुंबकाचं काम मिलमधला संजू पाहील." उदारामांची नजर पाटावर खिळली होती, जसं काही ते त्याला आजच पहिल्यांदा पाहत होते.

घरी जाताना बांधावर त्यांनी मीटर मागून घेतला. पडद्यावर शून्य दशांश चार गॉस.

"बंद नाही केलास का? इथं तं लोखंडबी नाही."

"चालूच ठेवला. ही धरतीच्या चुंबकाची ओढ, बाबूजी. दांडी फिरवून पाहा."

त्यांनी उत्तरेकडं धरलेली दांडी हळूहळू पूर्वेकडं वळवली. आकडा घटत घटत शून्यावर आला. आणखी वळवली, तसा पुन्हा चढला. भोवती नुसतं कापलेलं धान पडलं होतं, वारासुद्धा नव्हता.

"मिलिटेस्लात शून्य दशांश शून्य चार," ते पुटपुटले. "हे माया आज्याच्या वेळेसबी होतं?"

"माणूसच नव्हता, तवाबी होतं."

देवळात शिरताना काढाव्यात तशा उदारामांनी पायातल्या चपला काढल्या आणि दांडी पुढे धरून ते बांधावरून चालू लागले. मंजू मागून निघाली.