कोपऱ्यावरची खिडकी

पनवेलमधल्या आमच्या गल्लीला एकच तोंड आहे. बाजाराच्या रस्त्यावरून आत यायचं आणि त्याच रस्त्याने बाहेर पडायचं. गल्लीच्या शेवटी एका तीन मजली इमारतीची भिंत आणि आवाराची भिंत मिळून एक कोपरा होतो. तळमजल्यावरच्या घराची एक खिडकी त्या कोपऱ्यावर उघडते. मी समोरच्या इमारतीत राहायला आलो तेव्हा ती बंद होती आणि पुढची काही वर्षं बंदच राहिली, कारण खिडकीखाली गल्लीचा कचरा पडायचा.

कचरा तिथेच का पडतो, याचं उत्तर गल्लीत तयार होतं. "गाडी आत येतच नाही. टॅक्स कशाला घेतात मग?" हे वाक्य वाण्याकडे, रिक्षाच्या रांगेत आणि सोसायटीच्या ग्रुपवर सारख्याच चालीत ऐकू येई. कचऱ्याची गाडी रोज सकाळी येत होती. गाणं वाजवत गल्लीच्या तोंडाशी थांबत होती. आत येत नव्हती, हे खरं होतं. गाडीला आत उभं राहायला जागा लागते आणि गल्लीत तेवढी जागा एकाच ठिकाणी होती, त्या कोपऱ्यावर. तिथे ढीग होता. ढिगामुळे गाडी आत येत नव्हती आणि गाडी आत येत नाही म्हणून ढीग वाढत होता. सकाळी डबे भरण्याच्या आणि मुंबईची लोकल गाठण्याच्या घाईत गल्लीच्या तोंडापर्यंत बादली घेऊन कोण जाणार? लोक कामाला निघताना पिशवीला गाठ मारत आणि कोपऱ्याकडे भिरकावत.

खिडकीच्या आत एक काका होते. ते एसटीचे निवृत्त चालक. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांची डावी बाजू पांगळी झाली होती आणि त्यांचा पलंग त्या खोलीत होता. घराला दुसरी मोकळी खोली नव्हती. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीने काकूंना स्पष्ट सांगितलं होतं, की यांना दिवसाचा काही वेळ उजेडात, हवेत बसवा, नाहीतर बसण्याची उमेदच जाईल. काकू रोज त्या खिडकीपर्यंत जात. कडीला हात लावत. पल्ल्यांच्या फटीतून पलीकडे माशा दिसत.

"आयुष्यभर खिडकीशी बसून पगार घेतला," काका म्हणायचे. "आता फुकट बसायला तयार आहे, तर खिडकीच मिळत नाही."

हे ते हसत म्हणायचे. नंतर नंतर ते म्हणेनासे झाले. व्यायामाची मुलगी आली की भिंतीकडे तोंड करून पडू लागले. तेव्हा काकूंनी ठरवलं, की खिडकी उघडायची.

पहिला उपाय सोसायटीच्या सेक्रेटरींनी सुचवला. ते त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत. भिंतीवर देवांच्या फरशा लावायच्या. जिन्यात थुंकू नये म्हणून लावतात तशा. देवासमोर कोण कचरा टाकेल? दुकानदाराकडे चार फरशांचा संच होता: गणपती, दत्त, एक क्रूस आणि एक मशिदीचं चित्र. कोणालाच सवलत नको म्हणून चारही लावल्या. हे गणेशोत्सवाच्या आधी. ढीग उचलला गेला, भिंतीला चुना मारला गेला आणि उपाय लागू पडला. काकूंनी खिडकी उघडण्यासाठी सुताराशी बोलून ठेवलं.

मग विसर्जन झालं. कोणीतरी हाराची पिशवी दत्ताच्या फरशीखाली ठेवली. टाकली नाही, ठेवली. वाकून नमस्कार केला आणि गेलं. दुसऱ्या दिवशी तिथे चार पिशव्या होत्या. तळ्याकाठी निर्माल्याचे कलश ठेवलेले होते, पण तळ्यापर्यंत जावं लागतं आणि इथे देव घराखालीच आले होते. नवरात्रात घटाची माती आली. मग काच फुटलेल्या तसबिरी आल्या, जुनी पंचांगं, पत्रिका, नारळाच्या शेंड्या, एक लाकडी देव्हारा. अमावस्येनंतर लिंबं दिसू लागली. जिथे नुसता कचरा पडत होता तिथे आता पवित्र कचरा पडू लागला. आणि हा उचलणं जास्त अवघड निघालं.

कारण एके सकाळी गाडीवरच्या ताई फावडं घेऊन आत आल्या. त्या नेरे गावाकडच्या, आवाज खणखणीत. पहिलं फावडं भरलं तोच तिसऱ्या मजल्यावरून सेक्रेटरी ओरडले, "अहो ताई! देवाचं आहे ते! कचऱ्याच्या गाडीत टाकताय?"

ताईंनी वर बघितलं. "मंग कशात टाकू, दादा? तुमच्या गाडीत? उघडा डिकी."

गल्लीत दोन-तीन खिडक्यांतून हसू आलं. सेक्रेटरी म्हणाले, "तसं नाही हो, पण काही रीत असते की नाही?"

"रीत हाय ना. तुमी टाकायचं, आमी उचलायचं, तुमी वरडायचं." त्यांनी फावडं रिकामं केलं. "आमाला पण देव हाय. मला नाय शाप घ्यायचा. तुमचं ठरलं की हाक मारा." आणि त्या गेल्या.

त्या दुपारी ग्रुपवर फोटो आला. खाली ओळ होती: निर्माल्यसुद्धा उचलत नाहीत, काय ही पालिका! त्याखाली रागावलेले चेहरे ओळीने आले. काकूंनी सुताराला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं.

दिवाळी गेली. काकांचं जेवण कमी झालं. मी वर्तमानपत्र घेऊन अधूनमधून त्यांच्याकडे जात असे. खोलीत दिवसाही दिवा लावलेला असायचा. एकदा काकूंनी चहा देता देता विचारलं, "भिंतीतली फरशी न फोडता निघते का हो?"

मी म्हटलं, "गवंड्याला विचारावं लागेल. पण देव काढायला कोण तयार होईल?"

"मी लावल्या नाहीत," त्या म्हणाल्या, "पण काढायला मी चालेन."

फरशा निघाल्या. दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत. गवंडी छिन्नी लावण्याआधी दोनदा म्हणाला, "काकू, पाप तुमच्या माथी." त्या म्हणाल्या, "माझ्याच माथी. तू हात सांभाळ." प्रत्येक फरशी त्यांनी पाण्याने धुतली, पदराने पुसली आणि चारही स्वयंपाकघरात ओट्यामागे बसवून घेतल्या. बघायला आलेल्या एका शेजारणीने क्रूस आणि मशिदीकडे बोट दाखवून विचारलं, "हे पण ओट्यावर?" काकू म्हणाल्या, "चौघं एकत्र आलेत. आता दोघांना बाहेर काढू?"

त्याच आठवड्यात त्यांनी ढीग निवडायला घेतला. हातमोजे घालून, स्टूल टाकून. फुलं आणि पानं आवारातल्या झाडांखालच्या खड्ड्यात. काचा वेगळ्या. चौकटी भंगारात. पहिल्या दिवशी त्या एकट्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी होतो. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरींची बायको खाली आली आणि स्टूल ओढत म्हणाली, "यांच्या डोंबिवलीच्या मामांनी दिलेला देव्हारा आहे यात. मीच ठेवला होता." काकू म्हणाल्या, "सागाचा आहे. मी कांदे ठेवेन त्यात." दोघी बराच वेळ हसत होत्या. उरलं ते ताईंना हाक मारून गाडीत भरलं. या वेळी वरून कोणी ओरडलं नाही.

कोपरा रिकामा झाला. रिकामा राहील का, हा खरा प्रश्न होता. लगेच दुसऱ्या सकाळी तिथे एक पिशवी होती. कोलंबीची सालं. काकू गल्लीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "काल कोलंबी कोणाकडे होती? वास फार छान येत होता. कृती सांगा ना!" कृती कोणी सांगितली नाही. पण कोलंबीची सालं पुन्हा दिसली नाहीत.

मग संक्रांत आली आणि ग्रुपवर काकूंचा निरोप आला: आमच्याकडे हळदीकुंकू. संध्याकाळी. गल्लीच्या कोपऱ्यावर. गल्लीतल्या सगळ्या बायकांनी यावं.

"कोपऱ्यावर म्हणजे?" कोणीतरी विचारलं.

"कोपऱ्यावर म्हणजे कोपऱ्यावर."

त्या संध्याकाळी कोपरा शेणाने सारवलेला नाही, फिनेलने धुतलेला होता. मधोमध रांगोळी होती. जरीची साडी नेसून कचऱ्याच्या जागी जायचं म्हणून बायका आधी गल्लीच्या मध्यावर घुटमळल्या. मग पायाखाली बघत आल्या. मग पायाखाली बघेनाशा झाल्या. पहिलं कुंकू गाडीवरच्या ताईंना लावलं. त्या हिरवी साडी नेसून, केसांत गजरा माळून आल्या होत्या आणि कोणी ओळखलं नाही म्हणून खूश होत्या.

वाण म्हणून काकूंनी प्रत्येकीच्या हातात झाकणाचा एक छोटा डबा ठेवला.

"काकू, गेल्या वर्षी चाळणी दिलीत," पहिल्या मजल्यावरची सून म्हणाली, "यंदा हा कसला डबा?"

"ओल्या कचऱ्याचा."

"वाणात कचऱ्याचा डबा?"

"वाण परत करतात का गं कधी?"

सुनेने डबा पदराआड घेतला. वाण नाकारणारी बाई आमच्या गल्लीत अजून जन्माला यायची होती. प्रत्येक घरात डबा गेला आणि तो कोणी दिला, कशासाठी दिला, हे प्रत्येक घराला माहीत झालं.

तिळगूळ वाटून झाल्यावर काकू आत गेल्या. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. खिडकी हलली नाही. वर्षानुवर्षांच्या रंगाने आणि ओलीने पल्ले चौकटीला धरून बसले होते. काकूंनी आतून धक्का मारला. सतरंज्या अंथरायला म्हणून मी तिथेच होतो, मी बाहेरून ओढलं. काहीच नाही.

"सरका, सरका," ताई म्हणाल्या. त्यांनी भिंतीला टेकवलेला झाडूचा दांडा उचलला, पल्ल्याच्या खालच्या फटीत घातला आणि हिरव्या साडीतच एक पाय भिंतीला लावून जोर केला. रंगाचे पापुद्रे उडाले आणि खिडकी उघडली.

आत काका उशीला टेकून बसले होते. त्यांनी आधी डोळ्यांवर हात धरला. मग रांगोळी बघितली, बायका बघितल्या, वर आकाशाचा तुकडा बघितला.

"अगं," ते म्हणाले, "इथून बाजाराचा रस्ता दिसतो."

"बसा आता बघत," काकू म्हणाल्या आणि घाईने तिळगुळाचं ताट उचलायला वळल्या.

दुसऱ्या सकाळी गाणं वाजलं तेव्हा मी बादली घेऊन खाली उतरलो. गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली नाही. ताईंनी चालकाला हात केला आणि गाडी मागे मागे घेत आत येऊ लागली. चालक नवखा होता, दोन्ही आरसे बघत गोंधळत होता. बायका नवे डबे घेऊन पायऱ्यांवर उभ्या होत्या.

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. "येऊ दे… येऊ दे… डावीकडे स्कूटर आहे, उजवीकडे घे. अजून. अजून."

काकांचा उजवा कोपर खिडकीच्या कट्ट्यावर होता आणि हात बाहेर. चालकाने मान वळवून बघितलं आणि आरसे सोडून त्या हाताकडे बघत गाडी मागे घेतली.

"येऊ दे, भरपूर जागा आहे," काका म्हणाले आणि खिडकीखालच्या भिंतीवर पंजाने दोनदा थापटलं. "बस्स!"

गाडी कोपऱ्यावर थांबली.