सेनापती आणि आमच्या म्हशी

आमच्या घरात कुणीही रागाच्या भरात काही करून बसलं की त्याचं खापर सेनापतींवर फुटतं. महाराजांचे ते सरसेनापती, ज्यांनी हाती आलेल्या शत्रूला दया येऊन सोडून दिलं, त्यावरून महाराजांचा बोल ऐकला, तो जिव्हारी लागला आणि फक्त सहा स्वार घेऊन अख्ख्या फौजेवर चालून गेले. सातातलं कुणी परतलं नाही. त्यांचं आडनाव गुजर, आमचंही गुजर. एवढ्या भांडवलावर माझ्या बाबांनी नागपुरात चाळीस वर्षं ऐटीत काढली.

एकदा ते गॅस एजन्सीत भांडायला गेले आणि स्कूटर तिथेच विसरून तणतणत पायी घरी आले. म्हणाले, "रक्तातच हाय आपल्या. मांगं पाहात बसलो असतो तं गुजर कायचा?" आई सावनेरकडची, तिच्या जिभेला धार. ती भाकरी थापत म्हणाली, "सेनापती घोड्यासंगं गेले. तुमचा घोडा तं एजन्सीसमोर उभा हाय."

मी शाळेत इतिहास शिकवते. मी बाबांना कितीदा सांगितलं की ते घराणं साताऱ्याकडचं, आपले लोक गुरं हाकत नर्मदेकाठून इकडे उतरलेले, नुसत्या आडनावाने नातं जुळत नाही. बाबा म्हणायचे, "तुह्या पुस्तकात सारंच रायते का वं?" माझ्या लग्नात तर त्यांनी सासऱ्यांना मांडवात कोपऱ्यात गाठलं आणि सांगितलं की खुद्द महाराजांनी सेनापतींची लेक सून करून घेतली होती, तेव्हा गुजरांची पोरगी घरात येणं ही काही साधी गोष्ट नव्हे. सासरे बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर होते. ते घाबरून हो हो म्हणत राहिले. आजही भाजीत मीठ जास्त पडलं की ते गंभीरपणे म्हणतात, "महाराजांनीही असंच चालवून घेतलं असेल."

समोरच्या घरातले काका मात्र कधी घाबरले नाहीत. चाळीस वर्षं त्यांचा एकच प्रश्न, "पुरावा काय हाय?" बाबांचा पुरावा असा. आमच्यात वंशावळ सांभाळणारा भाट असतो. कितीतरी वर्षांनी एकदा तो पोथी घेऊन येतो, नवी नावं लिहितो आणि पहिल्या पुरुषापासून सगळ्या पिढ्या वाचून दाखवतो. बाबा पाच वर्षांचे असताना तो येऊन गेला होता. वाचन सुरू होताच बाबा झोपी गेले, आणि सेनापतींचं नाव आपण झोपेत ऐकलं असं त्यांचं ठाम म्हणणं.

गेल्या हिवाळ्यात फोन आला. त्या भाटाचा नातू, आता स्वतः पन्नाशीचा, नागपुरात येत होता. त्याने बाबांकडून मोबाइलवर लोकेशन मागवून घेतलं. बाबांना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी गल्लीतल्या सगळ्यांना रविवारी सकाळी दहाचं आमंत्रण दिलं, तर्री-पोह्यांसकट. काकांच्या दारात जाऊन म्हणाले, "पोथीतूनच आयका आता."

भाट नऊलाच आला. मी मदतीला म्हणून सकाळीच माहेरी आले होते. आई आणि मी स्वयंपाकघरात, मध्ये फक्त पडदा. भाटाने चहा घेतला, भिंतीवरची हार घातलेली सेनापतींची तसबीर पाहिली आणि म्हणाला, "बाबूजी, ये तो हमारी पोथी में नहीं हैं."

इतकी वर्षं मी हेच सांगत होते. आपलं म्हणणं खरं ठरलं याचं मला पहिल्यांदाच वाईट वाटलं.

"नीट पाहा ना भाटजी," बाबा म्हणाले. आवाज एकदम लहान झाला होता. "मी आयकलं होतं."

पानं उलटल्याचा आवाज आला. मग भाट समजुतीने म्हणाला, "आप कहते हो तो ऊपर एक नाम जोड़ देता हूँ. गल्लीवालों को क्या पता. बच्चे कितने हैं, वो बताओ."

"एक पोरगी."

"लड़का नहीं? तो लाइन यहीं बंद." आमच्या पोथीत लेकींची नावं लिहीत नाहीत. हे मला माहीत होतं, आणि त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं.

"बंद म्हंजे?"

"बंद मतलब बंद. आपके नाम के नीचे लकीर."

मग बाबा म्हणाले, "तिचं नाव लिहा."

"रिवाज नहीं है, बाबूजी."

"अन् सेनापती घुसवाचा रिवाज हाय?"

भाट हसला असावा. पण पुढे बोलला तेव्हा हसत नव्हता. "दादाजी की पोथी है. कलम एक बार टेढ़ी चलाऊँगा, दो बार नहीं. ऊपर का नाम, या नीचे का. आप बोलो."

आईचा पोहे भिजवणारा हात थांबला. आणि नेमक्या त्याच क्षणी तर्रीच्या चण्यांचा कुकर शिट्ट्या मारायला लागला. एक, दोन, तीन. गप्प झाला तेव्हा बाहेर दोघं नर्मदेकडच्या गव्हाबद्दल बोलत होते.

मला बाहेर जाऊन सांगायचं होतं की सेनापतींना घाला. अगदी मनापासून. माझं नाव आधार कार्डावर आहे, शाळेच्या हजेरीपटावर आहे, नवऱ्याच्या शिव्यांत आहे. पोथीत नसलं तर माझं काय अडतं? बाबांचं मात्र दहा वाजता सगळ्या गल्लीसमोर हसं होणार होतं. मी उठले तर आईने पदर धरला. "बस वं. त्याइले ठरवू दे."

दहाला खुर्च्या भरल्या. काका पहिल्या रांगेत, ताटली मांडीवर घेऊन. भाट हेल काढत वाचू लागला, अमक्याचा पुत्र तमका, तमक्याचा पुत्र अमका. मी दाराशी उभी राहून बोटांवर पिढ्या मोजत होते. शिवकाळ जवळ आला. शिवकाळ आला आणि मागे पडला. सेनापती आलेच नाहीत.

त्याऐवजी दोन-तीन पिढ्यांनी एक पूर्वज आला. नागपूरच्या राजाच्या छावणीत दूध घालणारा. त्याच्या नावाखाली भाटाने दोन ओळी जास्तीच्या वाचल्या, की लढाईचा नगारा वाजला तसा हा सात म्हशी घेऊन रातोरात कन्हान नदी पार झाला.

"म्हंजे पळाला," काका म्हणाले.

"म्हशी वाचवल्या," बाबा म्हणाले.

"किती होत्या म्हन्ता?"

"सात."

गल्ली पोट धरून हसली. सेनापतींसकट तिकडेही सातच होते, हे बाबांनीच सगळ्यांना तोंडपाठ करून ठेवलं होतं. बाबांचे कान लाल झाले. पण ते खुर्चीत ताठ बसून राहिले, आणि आपल्या तापट बाबांना इतकं गप्प बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

आजोबांचं नाव आलं. मग बाबांचं. भाट थांबला, चष्मा सारखा केला, आणि त्याच हेलात म्हणाला, "और इनकी बेटी," आणि त्याने माझं नाव घेतलं. संपूर्ण, शाळेत घेतात तसं.

काकांनी चमचा खाली ठेवला. "हे तं झालं. पण सेनापती कुठं गेले गा?"

"ते साताऱ्याकडचे हायत," बाबा म्हणाले. "माही पोरगी कवापासून सांगून रायली. ते इतिहास शिकवते, तिले बरोबर माईत हाय."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मी आत पळाले आणि ओट्याला टेकून हमसून रडले. आई मागोमाग आली तेव्हा मी म्हटलं, तर्री फार तिखट झाली गं.

"तर्री तं तू अजून खाल्लीच नाही," आई म्हणाली, आणि स्वतःचे डोळे पुसून तिने काकांसाठी दुसरी ताटली भरायला घेतली.