छोट्या ढोलाचा सूर

बँड रंगला की तुम्ही टाळ्या कोणाला देता? वाजवणाऱ्यांनाच ना? त्यांच्या आधी दोन तास त्याच स्टेजवर गुडघे टेकून बसलेल्या माणसाचं तोंड तरी कधी पाहिलंय?

आमच्याकडच्या त्या माणसाच्या कमरेला कायम पाना लटकलेला, म्हणून नावही पानाच पडलं. बावीस वर्षं तो टिंबालेस लावतोय. टिंबालेस म्हणजे एका स्टँडवर शेजारी-शेजारी बसवलेले पत्र्याचे दोन ढोल, एक मोठा, एक छोटा, दोन्ही खालून उघडे. आठवडाभर बॉयलरच्या कारखान्यात हातोडा, सुट्टीला हे. स्वस्थ बसणं त्याच्या रक्तातच नाही. स्टँड डुगडुगतो का ते चारदा बघणार, ढोल जरासा पुढे कलवणार, परत मागे घेणार. स्क्रू समोरासमोरचे आवळायचे, ओळीने घेतले तर ढोलावर ताणलेला पडदा एकीकडे ओढला जातो. स्क्रूजवळ काडीने टिचकी मारायची, ऐकायचं, पाव फेरा द्यायचा.

मागच्या महिन्यात छोट्याचा पडदा फाटला. वाजवणारी त्याची सख्खी पुतणी. ती सांगत होती, काका, बास, चढला सूर. हा फिरवतच राहिला. बँडच्या मालकाने, म्हणजे मास्तरने, झोपेत काम करतोस का म्हणून सगळ्यांदेखत झापलं, आणि यापुढे काही झालं तर दुसरा माणूस बघेन, हेही सुनावलं.

खरं कारण मला ठाऊक होतं. मीही त्याच कारखान्यात. हातोड्यांच्या दणदणाटाने कान जातात, त्यांची तपासणी व्हावी म्हणून मी सह्या गोळा करत होतो, तेव्हा याने सही दिली नव्हती. बँडमध्ये कळलं तर माझा पत्ता कट, म्हणाला. मोठ्याचा ठोका त्याला ऐकू यायचा, छोट्याचा सूर एका हद्दीपुढे गेला की सगळं सामसूम. मी त्याला घाबरट म्हणालो होतो. म्हणायला नको होतं.

परवा तालमीआधी त्याने मोठा झटक्यात लावला. छोट्यावर आला आणि हात अडला. उठला, पाणी प्यायला, बसला, पुन्हा उठला. मास्तर दारात घड्याळ बघत उभा. पाना गंजला वाटतं, असं मागून कोणीतरी म्हणालं, पोरं हसली.

त्याने पुतणीला जवळ बोलावलं.

"छोट्याचा सूर मला ऐकू येत नाही गं. तू ऐक, मी आवळतो."

कोणी हसलं नाही. तिने बोट वर केलं की पाव फेरा, मूठ मिटली की थांबायचं. सहा स्क्रू झाले. तिने काडी मारली तेव्हा मास्तरसुद्धा आत आला.

"लागलाय मस्त," तो म्हणाला. "पण एका कामाला मी दोन माणसं ठेवत नाही."

त्यावर मी मास्तरला जे बोललो ते छापण्यासारखं नाही. उपयोगही झाला नाही.

आता पाना घरभर येरझारा घालतो. स्टूल, टेबल, दाराच्या बिजागऱ्या, सगळं आवळून झालं. त्याची बायको म्हणते, घरात आता ह्यांना सोडून काहीच हलत नाही.

तुमच्या बँडचे ढोल लावायचे असतील तर त्याला बोलवा. शेजारी ऐकणारं एक माणूस उभं करा, एवढी मेहरबानी करा.